परवाना नसलेले वीस महिने

कामाचे अनुभव माणूस निवृत्त झाल्यावर लिहितो. मी काम सुरू होण्याआधीचे लिहिते आहे. वीस महिने एका परीक्षेचा अभ्यास करणं, हेच माझं काम होतं. त्यात हजेरी होती, वेळापत्रक होतं, अपमान होता. पद तेवढं नव्हतं, आणि गाव ते आधीच देऊन मोकळं झालं होतं. मी किर्गिझस्तानातून परतले त्या दिवशी पांढरकवड्यात आमच्या वस्तीच्या वळणावर फ्लेक्स लागला होता. माझा फोटो, गळ्यात स्टेथोस्कोप, खाली अठरा शुभेच्छुकांची डोकी, आणि वर ‘डॉक्टर झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’.

मी डॉक्टर झाले नव्हते. बाहेरच्या माणसाला हे समजत नाही, म्हणून सरळ सांगते. परदेशात डॉक्टरकी शिकलेल्याला भारतात आल्यावर परवान्यासाठी परीक्षा द्यावी लागते. वर्षातून दोनदा असते. एका दिवसात, संगणकावर, तीनशे प्रश्न आणि प्रत्येकाला चार पर्याय. चुकलं तर गुण कापत नाहीत. दीडशे बरोबर आले की पास. एकशे एकोणपन्नास आले, तर मधली सहा वर्षं कुठं गेली होतीस, ते कायदा विचारत नाही. पास झालं की वर्षभर दवाखान्यात इंटर्नशिप, मग कायमची नोंदणी. तोवर रुग्ण तपासायचा नाही, औषध लिहायचं नाही, नावाआधी ‘डॉ.’ लावायचं नाही.

ही परीक्षाच रद्द करा म्हणून माझ्यासोबतचे काही जण मोर्चे काढतात. मी त्यात गेले नाही. परीक्षा पाहिजे. उद्या माझ्या आईला सलाइन लावणाऱ्याला शीर कुठे आहे हे माहीत असलं पाहिजे. माझा राग आहे तो त्या एजंटांवर. त्यांच्या पत्रकावर बर्फाचे डोंगर होते, पांढऱ्या कोटातल्या हसऱ्या मुली होत्या, वसतिगृहात भारतीय जेवण होतं. परवान्याच्या परीक्षेचा एक शब्द नव्हता. आणि माझा राग माझ्यावरही आहे. कारण मी स्वतः पत्रकं लिहिणारी मुलगी. दहावीपासून लिहीत होते. वसतिगृहातल्या आमटीवर, अडलेल्या शिष्यवृत्तीवर, फवारणी करताना तोंडाला काय बांधावं यावर. आणि ज्या पत्रकावर माझं आयुष्य ठरायचं होतं, ते मी डोंगर बघत वाचलं.

पत्रक लिहायला मला बाबांनी शिकवलं. ते एसटीत कंडक्टर होते. माझं पहिलं पत्रक त्यांनी वाचलं आणि परत केलं. म्हणाले, “अर्ध्या पानापर्यंत तू कारणंच सांगून राह्यली. मानसानं करायचं काय, ते कुठं आहे?”

“शेवटी आहे.”

“शेवटापर्यंत कोन थांबते? गाडी कुठं जाते ते पाटीवर पयले लिवा लागते. भाडं, थांबे, सुट्टे पैशे, सारं मंग. पाटी नसन त कोनी चढत नाही.”

तेव्हापासून माझा एकच नियम. पहिल्या ओळीत काय करायचं ते. कारणं नंतर.

या नियमाने लिहिलेलं माझं सर्वात गाजलेलं पत्रक वामनरावांविरुद्ध होतं. वामनराव केळापूरच्या रस्त्यावर दुकान टाकून बसलेले ‘डॉक्टर’. कधीकाळी कोणाकडे कंपाउंडर होते, तेवढंच शिक्षण. ताप असो, कंबर असो, परीक्षेची भीती असो, सगळ्यांना एकच लाल इंजेक्शन. गर्दीच्या दिवशी सुई उकळायलाही वेळ नसायचा. माझ्या वर्गातल्या मुलीच्या आईला त्या सुईने कुल्ल्यावर एवढं मोठं गळू झालं, की ती दोन महिने पालथी झोपली. मी तेव्हा सतरा वर्षांची होते. पत्रकाची पहिली ओळ होती : ‘वामनरावांकडे सुई टोचून घेऊ नका.’ आठवडी बाजारात वाटलं. सरकारी माणसं आली, दुकानाला कुलूप लागलं. वामनराव मग बसस्टँडजवळ पानाची टपरी टाकून बसले. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे वाचून कोणी तसा समज करून घेईल.

परदेशातून आल्यावर बसस्टँडवर त्यांनी मला गाठलं. चुना लावता लावता म्हणाले, “काय वं डॉक्टरीण, फ्लेक्स पाह्यला तुहा. परवाना आला?”

“नाही. परीक्षा आहे.”

“म्हंजे आता तू बी बिनकागदाचीच न?” आणि हसले. “घाबरू नको. मी पत्रक नाही काढत.”

पहिल्या परीक्षेत एकशे एकोणचाळीस आले. दुसरी जूनमध्ये होती आणि लग्न मेमध्ये. मे का, तर होणारा नवरा राहुल उमरखेडला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि शिक्षकाचं लग्न उन्हाळ्याच्या सुट्टीतच होतं. पाहुण्यांच्या पत्रावळी आणि औषधशास्त्राच्या नोट्स एकाच खोलीत पडल्या होत्या. हळदीच्या हाताने मी मोबाइलवर प्रश्न सोडवत होते, तर माझी आत्या म्हणाली, “नवरदेवाशी बोलून राह्यली का? बोल, बोल.” त्या वेळी एकशे अठ्ठेचाळीस आले. दोन कमी. ते दोन गुण मी लग्नात खर्च केले, असं राहुलला एकदा रागात म्हणाले. तो म्हणाला, “मी त एकच घेतला असन. एक तुह्या आत्यानं घेतला.” या माणसाबरोबर संसार होऊ शकेल, हे मला त्या दिवशी कळलं.

निकालानंतर दहा दिवसांनी मी सासरहून परत माहेरी आले, अभ्यासाला. राहुल रविवारी एसटीने यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने जायचा. वस्तीतल्या बायका आईला विचारायच्या, “पोरगी काहून इथंच आहे वं? काही झालं का?” आई म्हणायची, “नापास झाली.” यापेक्षा नवऱ्याने टाकली असती तर लोकांना लवकर समजलं असतं.

याच सुमारास एका खाजगी दवाखान्यातून बोलावणं आलं. दवाखाना कोणता ते सांगणार नाही, तसे बरेच आहेत. तिथले मोठे डॉक्टर सभ्य होते. चहा दिला, आणि म्हणाले, “तू पेशंट पाहा, केसपेपर लिही. सही माझी. सगळीकडे असंच चालतं.” मी म्हटलं, मी विचार करून सांगते. बाहेर आले आणि मला वामनरावांचं हसू आठवलं. नाही म्हणून कळवलं. घरी मात्र ठरवलं की डिसेंबरची तिसरी परीक्षा शेवटची. तीही गेली तर उमरखेडला जाऊन क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचं, आणि सहा वर्षं पेटीत ठेवून द्यायची. राहुल म्हणाला, “तुझी मर्जी.” वळणावरचा फ्लेक्स तोवर फाटला होता. माझं अर्धं तोंड आणि पूर्ण स्टेथोस्कोप उरला होता. एका सकाळी तो तिथं दिसला नाही. बाबांनी काढला असावा. मी विचारलं नाही.

अभ्यास मी विहाराच्या अभ्यासिकेत करायचे. बुद्धविहाराच्या मागे एक लांब खोली, चौदा प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. कोणी तलाठ्याची तयारी करतोय, कोणी पोलीस भरतीची, कोणी बँकेची. भरतीची पोरं पहाटे धावून येत आणि गणितं करता करता पेंगत. खोलीला फी नाही. पण नियम आहे : बसायचं तर विहाराचं एक काम अंगावर घ्यायचं. कोणी झाडायचं, कोणी पाणी भरायचं. माझ्या वाट्याला आलं वर्षावासाचं वाचन.

आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत तीन महिने विहारात रोज ग्रंथ वाचतात. संध्याकाळी साडेपाचला. दरवर्षी वाचणाऱ्या गुरुजींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. समितीने माझ्याकडे बोट दाखवलं. माझ्या डोक्यात हिशेब सुरू झाला : रोज एक तास म्हणजे चाळीस प्रश्न, तीन महिन्यांत साडेतीन हजारांवर. पण खुर्ची सोडायची नव्हती, म्हणून हो म्हटलं.

वाचन ऐकायला पंचवीसेक बायका यायच्या, पांढऱ्या लुगड्यांत, कामावरून हातपाय धुऊन. दारापाशी चंद्रकलाबाई बसायच्या. सगळे त्यांना कलामावशी म्हणत. शाळेत खिचडी शिजवायच्या. साठ पोरांना एका आवाजात रांगेत बसवणारी बाई. तिसऱ्याच दिवशी त्यांनी मला थांबवलं.

“पोरी, तू वाचून राह्यली का पळून राह्यली?”

सगळ्या हसल्या.

“आमाले समजू त दे. आमची परीक्षा नाही डिसेंबरात.”

मी हळू वाचायला लागले. तरी मनात घड्याळ चालूच असायचं. वाचन संपलं की बायका भोवती यायच्या. गुडघे, पित्त, पोराचा खोकला, सुनेचे दिवस. मी सगळ्यांना एकच वाक्य सांगायचे : “मी अजून डॉक्टर नाही, दवाखान्यात दाखवा.” पुढेपुढे त्यातला दुसरा भाग गळाला. घाईत पहिलाच निघायचा. मला त्या वाक्याचा अभिमान वाटायचा, हेही लिहून टाकते. मी कायदा पाळत होते. गावात कोण पाळतं?

भाद्रपदातला एक दिवस. झिमझिम पाऊस, हवा गार. मी वाचत होते आणि कलामावशी पदराने वारा घेत होत्या. मला दिसलं. मी पान उलटलं. वाचन संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. कपाळावर घाम होता.

“पोरी, सकायपासून जबडा दुखून राह्यला. दाढ असन का?”

“आणखी काही होतं का?”

“पाठीत धरल्यावानी वाटते. हात जड झाला थोडा. आज खिचडीचं मोठं गंज उचललं शाळेत, त्यानं असन.”

आता नीट सांगते. मला त्याच क्षणी समजलं. शंका नव्हती. पन्नाशीची बाई, गार हवेत घाम, जबडा, पाठ, हात. हा प्रश्न मी वेगवेगळ्या रूपांत पन्नास वेळा सोडवला होता आणि बहुतेक वेळा बरोबर. बायकांना छातीत कळ येईलच असं नसतं, हे मी पिवळ्या पेनाने अधोरेखित केलं होतं. आणि मी तोंड उघडलं ते असं :

“मावशी, मी अजून डॉक्टर नाही. माझ्याकडे परवाना नाही. मी काही सांगणं बरोबर होणार नाही, तशी मला परवानगी नसते, आणि उद्या काही कमीजास्त झालं तर...”

कलामावशींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“राहू दे बाई. दाढच असन. उद्या दाखवतो.”

त्या चपला घालून निघाल्या. माझी दुसरी ओळ तोंडातच राहिली. मी हाक मारायला हवी होती, मागे धावायला हवं होतं. मी घड्याळ पाहिलं, सहा चाळीस झाले होते. मी आत जाऊन खुर्चीवर बसले आणि त्या दिवसाचे उरलेले चाळीस प्रश्न सोडवले. चौतीस बरोबर आले. वहीत तशी नोंद आहे.

कलामावशी बसस्टँडपर्यंतच पोचल्या. वामनरावांच्या टपरीसमोरच्या बाकड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, पाणी दे. वामनरावांनी पाणी दिलं नाही. त्यांनी नाडी पाहिली नाही, सुई काढली नाही, नव्हतीच आता. रस्त्यावर उतरून ऑटो थांबवला, मावशींना आत बसवलं, टपरी उघडी टाकून स्वतः शेजारी बसले आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तिथे ईसीजीची पट्टी काढली, हार्ट अटॅक निघाला. गोळी चघळायला दिली, १०८ची गाडी बोलावली, यवतमाळला पाठवलं. मावशी वाचल्या. हृदय थोडं कमजोर झालं ते झालं. खिचडीचं गंज उचलायचं काम गेलं.

मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. मी टपरीवर गेले. का गेले, माहीत नाही. आभार मानायला असेल. वामनराव सुपारी कातरत होते.

“तुह्याकडूनच येऊन राह्यलती न ते?”

“हो.”

“सांगतलं होतं तिनं तुले?”

“हो.”

“तुले समजलं नाही?”

“समजलं होतं.”

अडकित्ता थांबला.

“मंग?”

“माझ्याकडे परवाना नव्हता.”

वामनरावांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता हसतील. हसले नाहीत.

“‘दवाखान्यात जा’ म्हनायले परवाना लागते का वं?”

गिऱ्हाईक आलं, त्यांनी त्याला पान लावून दिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू पत्रक काढलं तवा मी तुले लय शिव्या देल्या. पन त्यात पयल्याच ओळीत लिवलं होतं, लोकायनं काय करायचं ते. समजत होतं लोकायले.”

मी परत आले. वामनराव चांगले निघाले आणि मी वाईट निघाले, अशी ही गोष्ट नाही. त्यांच्या सुईने झालेलं गळू मी पाहिलं आहे. ते दुकान बंदच राहायला पाहिजे होतं. पण परवाना माझ्याकडे नव्हता तसा त्यांच्याकडेही नव्हता, आणि त्या संध्याकाळी जे करायला परवाना लागत नाही, तेवढं त्यांनी केलं. मी कायद्याच्या आड उभी होते. कायद्याने मला औषध लिहू नको म्हटलं होतं. गप्प बस असं कुठल्याच कलमात नव्हतं. ते कलम मी स्वतः लिहिलं, कारण मला चाळीस प्रश्न सोडवायचे होते.

मी एक पत्रक काढलं. पान अर्धंच. पहिली ओळ : ‘आत्ता दवाखान्यात चला, उद्या नाही.’ मग काय होत असेल तर, ते; मग का, ते. सर्वात खाली बारीक अक्षरात : ‘हे लिहिणारी अजून डॉक्टर नाही.’ वर्षावासाच्या समारोपाला भोजनदान असतं, तेव्हा पंगतीत ते वाटलं. एक गठ्ठा वामनरावांच्या टपरीवर नेऊन ठेवला. त्यांनी तो वाचला, म्हणाले, “हे बरं आहे,” आणि चुन्याच्या डबीखाली दाबून ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून.

मावशी यवतमाळहून परतल्या होत्या. मी दोनदा त्यांच्याकडे गेले. दोन्ही वेळा घर भरलेलं होतं. प्रकृती विचारली, परत आले. सांगायचं ते सांगितलं नाही.

डिसेंबरात नागपूरला तिसरी परीक्षा दिली. राहुल केंद्राच्या फाटकाबाहेर शाळेतल्या पोरांच्या उत्तरपत्रिका तपासत बसला होता. हृदयाचे काही प्रश्न आले. मी ते सोडवले आणि पुढे गेले. तिथे थांबण्यासारखं काही नव्हतं. जानेवारीत निकाल लागला. एकशे सदुसष्ट.

आईने राहुलला फोन लावला. बाबा उठले, आत गेले आणि कुठून तरी गुंडाळी घेऊन आले. फाटका फ्लेक्स. “आता लावू का?” म्हणाले. मी नको म्हटलं. त्यांनी तो परत गुंडाळून ठेवला.

मी कलामावशींकडे गेले. दुपार होती, घरी त्या एकट्याच होत्या. अंगणात खाटेवर बसून तूर निवडत होत्या.

“पास झाली म्हनते?”

“हो मावशी.”

“म्हंजे आता सांगता येते तुले?”

“अजून एक वर्ष दवाखान्यात शिकायचं आहे. पण येतं सांगता.”

“त सांग. त्या दिवशी विहारात मले काय झालतं?”

“हार्ट अटॅक.”

“तवाच समजलं होतं तुले?”

पहिल्या ओळीत उत्तर द्यायचं होतं. कारणं माझ्याकडे भरपूर होती.

“हो,” मी म्हटलं.

मावशींचा हात सुपात फिरत राहिला. खडा सापडला, तो त्यांनी बाजूला टाकला.

“मले वाटलंच. तुहं तोंड पाह्यलं न मी. पांढरं पडलं होतं. तेच पाहून त भेव वाटलं मले, म्हून निघालतो घाईनं.”

मी काहीतरी बोलू लागले. त्यांनी सूप खाली ठेवलं, उशीखालून प्लास्टिकची पिशवी काढली आणि खाटेवर उपडी केली. गोळ्यांच्या पट्ट्या, यवतमाळचे कागद, सगळं गुंतलेलं.

“ते राहू दे. या गोया पाह्य. सून म्हनते ही सकायची, पोरगा म्हनते ते सकायची. मी दोन्ही खाऊन राह्यलो. कोनती कवा, ते सांग. हळू सांग, पळू नको.”

मी खाटेच्या कडेला बसले. डॉक्टरांचा कागद उलगडला, पट्टी उचलली आणि कागदाशी ताडून पाहिली.

“ही पांढरी. दिवसातून एकदाच, दुपारच्या जेवणानंतर,” मी म्हटलं. “आज खाल्ली का?”